उमाळ्यावर

दस्तगीर म्हणाला, वल्हं हाणू नका,
नुसतं टेकवा, साय हलवल्यागत.

बालाघाटाच्या कपारीखालचं हे पाणी
इतकं नितळ, की कयाकची सावली
दोन पुरुष खाली तळावरून चालते
आणि आमच्या आधी वळते.

टिबुकली बुडाली. मी मोजत बसलो.
सतराला ती भलतीकडेच वर आली,
चोचीत झिंगा.
वहीत लिहायचं होतं: वेळ, संख्या, दिशा.
वही पिशवीत, पिशवी पायाखाली,
आणि पाय हलवायची सोय नाही.

एक दिवड गेली शेजारून, मान ताठ,
डोक्यावरची घागर हिंदकळू नये अशी.

मधोमध वाळू उकळत होती.
गार उकळी. इथं तिला डोळा म्हणतात.
दस्तगीरचा बाप दर उन्हाळ्यात बुडी मारून
तिथं हात घालायचा, कोपरापर्यंत,
आणि वर येऊन एवढंच सांगायचा:
"हाय अजून."

मला नेमकं डोळ्यावर थांबायचं होतं.
तीनदा नेली होडी, तिन्हीदा पाण्यानं
अलगद बाजूला सारली,
ताटाशी आलेल्या मांजराला सारतात तशी.
चौथ्यांदा दस्तगीरनं वल्हं आडवं धरलं.
"त्याच्या तोंडावर कशाला बसता?"

मग लव्हाळ्यात टेकून राहिलो.
कासव वर आलं, श्वास घेतला,
आमच्याकडं बघितलं न बघितलं
आणि उकळीच्या अंगानं खाली उतरलं.

मीही हात घातला, काठाशीच, कोपरापर्यंत.
सांगण्यासारखं काही लागलं नाही.
गार होतं.