चौदावी फेरी

बस, नातेला. पत्रा गार आहे, माझी शाल घे खाली.
तेरा फेऱ्या झाल्या आज तुमच्या.
चियातुरात माझ्याइतकं दोरावर राहिलेलं माणूस
आता तुझा बाचानाच.
तिकीट नको. पहिलं काढलंस ना, पुरे.

खालची पाववाली काय बोलली, आलं माझ्या कानावर.
पोराला वळण नाही म्हणे.
माझ्या दोरालाही नाही. या डोंगरावरून त्या डोंगरावर
सरळ जातो बापडा, आणि पोचतो.

माझा अंझोर एकेचाळिसाचा आहे.
तेव्हा खाणीच्या दवाखान्यात याला नावसुद्धा नव्हतं.
डॉक्टर म्हणाले, दुसरं होऊ द्या.
घरी आले, भांडी घासली. दोनदा घासली.

तुला नाव तरी मिळालंय. स्वमग्न.
स्वतःत? तो तर कप्पीत मग्न आहे,
गंजात, काचेवरून ओघळणाऱ्या थेंबात.
कुताइसीहून आणलेला तो कागद
घडी फाटेपर्यंत वाचू नकोस.
त्यात काय येत नाही तेवढंच आहे.
परवा त्यानं कान झाकले, म्हणून मी मेकॅनिकला हाक मारली:
तेल आटलं होतं.
लिही हे मागच्या बाजूला. पेन्सिलनं चालेल.

काय करू, विचारतेस.
मला काय माहीत गं.
एवढंच कळलं, की तो रडायला लागला की बोलू नये.
शब्दही टोचतात, नव्या लोकरीसारखे.
शेजारी बसावं, जरा तिरकं.
आणि निघण्याआधी सांगावं:
अजून दोन. अजून एक. संपलं.
खोटं ‘संपलं’ म्हणू नये. मी म्हटलं होतं एकदा,
अंझोर सहा वर्षांचा होता.
अजून आठवण करून देतो.

आणि झोप. तू.
मंगळवारी दुपारी पोर इथे सोड,
मागच्या खोलीत खाट आहे.
लाज कसली त्यात?

आपल्यामागे यांचं कसं,
हा प्रश्न मलाही रात्री उठवतो.
उत्तर नाही माझ्याकडे. चहा करते, पिते.
अंझोर खालच्या ठाण्यात दार लावतो,
घंटेचे दोन ठोके देतो.
पगार थोडा आहे. टोपी मात्र सरकारी.

ऐक, दिले त्यानं.
बाचाना उठला बघ.
तुझ्याकडे पाहत नाहीये, खरंय.
पण खिडकीपासून सरकून उभा आहे,
तुझ्याएवढी जागा सोडून.

जा. चौदावी.