मुरूम

सिमरोलच्या अलीकडे डांबर सोडलं
की आमचा रस्ता. दोनशे दहा फूट,
वय चार महिने.
मुरमाचे अकरा डंपर
काळ्या मातीने गिळले, ढेकरही दिला नाही.

गेंदालालजी बांधावरून म्हणाले,
"बीच में ऊँचो रखो, कछुए की पीठ जैसो.
पाणी के रस्तो दो, तो तमारो रस्तो रेगा."
फावड्याने मी दोन रविवार टिकलो.
तिसऱ्याला बाम.

मग देवास नाका, जुन्यांची रांग.
पहिला लालभडक, नवरदेवासारखा.
विभाने वाकून पाहिलं:
ग्रीसच्या निपलांवरसुद्धा रंग.
"याला कुणी कधी तेल विचारलेलं नाही,"
शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याची मुलगी ती.

दुसरा अठरा हॉर्सपॉवर,
कधीकाळी निळा.
डावी पायरी झिजून चकचकीत,
सीटखाली बनियनची चिंधी, नीट घडी घातलेली.
मालकाने किमतीआधी खोड सांगितली:
दुसरा गिअर कुरकुरतो,
उजवीकडून थोडा गळतो.
विभाने चिंधी हुंगली, म्हणाली, "हाच."
पाच हजारांची घासाघीस
मी आपली सवयीने केली.

आता मोठी सर येऊन गेली
की मागे लोखंडी पातं लावून ती निघते,
कडेला पळालेला मुरूम
ओढून मधे आणते.
मी मागून गोटे वेचत चालतो.
गिअर कुरकुरला की ती वाकते,
काहीतरी बोलते त्याच्याशी.

तेवीस वर्षांच्या संसारात
त्या आवाजात माझ्याशी बोललेली
आठवत नाही.
इंजिनामुळे शब्द तर
ऐकूच येत नाहीत.