बारदाना

उदगीरच्या आडत बाजारात एकतीस वर्षं मापाडी आहे मी.
पहिल्या मापाला आम्ही एक म्हणत नाही,
लाभ म्हणतो. मग दोन. मग तीन.

मुतखडा होता. पहाटे दोनला कळ आली,
लातूर येईपर्यंत
जीपच्या सीटचं रेक्झिन फाडलं मी.
खडा चार मिलिमीटर, आपोआप पडून गेला.
पण स्कॅनमध्ये डाव्या मूत्रपिंडाच्या टोपीत
तेवीस मिलिमीटरची गाठ,
हरभऱ्याच्या राशीत बोर निघावं तशी.
कुणी शोधत नव्हतं तिला.

मी म्हणालो, डॉक्टर, परखी मारा.
पोत्याला परखी मारल्याशिवाय
आतला माल कळतो का कुणाला?
डॉक्टर रफिया काझी हसल्या नाहीत.
म्हणाल्या, हिला आधी टोचायचं नसतं.
ही ग्रंथी भीती तयार करते.
चुकीच्या गाठीला सुई लागली
तर साठवलेली सगळी एकदम रक्तात उतरते.

म्हणून आधी माप.
रात्री अकराला एक बारीक गोळी, सकाळी आठला रक्त.
मग पाच लिटरचा कॅन, तळाला ॲसिड,
चोवीस तासांची लघवी, थेंब बाहेर नाही.
पहिली सोडून द्या काका, म्हणाली लॅबमधली पोरगी,
दुसरीपासून धरा.
म्हणजे लाभच मोजायचा नाही.

महानंदानं कॅन फ्रिजात ठेवू दिला नाही.
मोरीत, ओल्या पोत्यात गुंडाळला.
दहा दिवसांनी नळ येतो आमच्या गल्लीत,
येणारी घागर न् घागर पाठ आहे;
जाणारं पाणी पहिल्यांदा मोजलं,
एक लिटर नऊशे.
रोज तीनदा दंडाला पट्टा, आकड्यावर नजर.
महानंदा विचारायची, काय बगलालाव?
मी म्हणायचो, भाव.

रिपोर्ट आले. गाठ गप्प आहे.
घनता आठ. दहाच्या आत म्हणजे चरबी,
चार सेंटिमीटरच्या आत म्हणजे राहू द्या.
परत कधी येऊ?
नका येऊ.
पथ्य?
नाही.
निदान एखादी गोळी तरी, मी म्हणालो,
आणि माझीच मला लाज वाटली.

दुपारी बाजार निजला की
काट्यावर उभा राहतो कधी.
अडुसष्ट किलो. त्यात तिचे किती?
असतील पाचसहा ग्रॅम,
ह्या काट्याला दिसत नाहीत.
पलीकडून इस्माईल हमाल ओरडतो,
मामा, कुणाचं माप चाललंय?
बारदान्याचं, मी म्हणतो,
आणि उतरतो.