वारा बघून

परळीत, आमच्या गल्लीत,
कपडे वाळत घालायच्या आधी वारा बघतात.
थर्मलकडनं असला
तर पांढरं काहीच काढायचं नाही,
शाळेचा सदरा तर नाहीच.

चिमणी म्हटलं की आमच्या पोरांना
आधी पाखरू आठवत नाही.
पहिलीच्या वर्गात बाई म्हणाल्या, चिमणी काढा,
तर निम्म्या पोरांनी उभा खांब काढला, वर धूर.
बाई लातूरच्या, नवीन.
लाल पेन उघडलं त्यांनी, मग टोपण लावलं.

माझे वडील मुक्तीराम,
एकतीस वर्षं कोळशाच्या पट्ट्यावर.
निवृत्तीला शाल मिळाली, भिंतीवरचं घड्याळ मिळालं.
खोकला आधीच घरी आलेला होता.
घड्याळ पुढं बंद पडलं.

त्यांना एक खोड.
फटफटलं की चपला अडकवून
पिठाच्या गिरणीपाशी जायचे,
खांबावरचा पत्र्याचा डबा उघडून
खटका खाली ओढायचे.
गल्लीतले अकरा दिवे विझायचे.
कुणी सांगितलेलं नव्हतं.
येता येता लोकांच्या ओट्यांवर नजर:
"शेषाबाई, दिस उगवला,
तुमचा अजून जळायलाय."

मग अंबाजोगाईला मोतीबिंदू काढला.
डोळ्यावर हिरवी पट्टी. वाकायचं नाही.
अकरा दिवे दिवसाही जळत राहिले,
उन्हात कुणाला दिसणार?
खालून म्हशी गेल्या, भाजीचा गाडा गेला,
नगरसेवकाची गाडी गेली.
चौथ्या दिवशी मी गेले.
डब्यात पाल होती. तिला जाऊ दिलं.

गिरणीवाल्याचा पुतण्या म्हणाला,
"जळू दे की, ताई. बिल नगरपालिका भरती.
तुझ्या बापाचं काय जातंय?"

काय काय गेलंय बापाचं, हे
गिरणीच्या आवाजात ओरडून कसं सांगावं.
रात्री दोनला उठून बसतात ते.
मी पाठ चोळायला जाते, बटणाकडे हात नेते,
तर म्हणतात,
"असू दे अंधार.
पाठ कुठंय, तुला ठावं आहे."

मी खटका ओढला.
गिरणीच्या भिंतीवर वहीचा कागद चिकटवला,
खळ तिथल्याच पिठाची.
तारखा लिहिल्या, पुढं जागा मोकळी.
संध्याकाळपर्यंत सात नावं.
नजमाभाभी पहाटे नमाजाला उठतातच,
त्यांनी तीन दिवस मागून घेतले.
शेषाबाईंनी लिहिता येत नाही म्हणून
सूर्य काढला, दोन तारखांपुढं.
पुतण्याचं नाव कागदावर नाही.
अजूनही नाही.

वडील पट्टीच्या आडून पोरांना शिकवत बसले:
एक युनिट म्हणजे ओंजळभर कोळसा.
ओंजळ करून दाखवली. तळहाताच्या रेषा
अजून काळ्या, साबणाला न जुमानणाऱ्या.
"जळला की मूठभर राख. ती कुठं जाती?"
"दोरीवर," शेषाबाईंचा नातू म्हणाला.
हसले सगळे. मग खोकले.

त्या घरात आता तूरडाळ रात्री भिजते,
कुकरची एक शिट्टी वाचते.
आमचा पंखा मी स्वतःच विसरते, रोज,
मोकळ्या खोलीला वारा घालत बसतो.
खोटं कशाला सांगू,
चिमणीला काही फरक पडलेला नाही.
धूर तेवढाच आहे.

पट्टी निघाली तेव्हा पहाटेच
वडील चपला घालून गेले.
मी मागनं, लांबून.
डबा उघडला त्यांनी, हात आत गेला,
आणि खटका आधीच खाली होता.
बराच वेळ तसेच उभे,
पाहुण्याच्या घरी लवकर पोचल्यासारखे.

घरी आले, जरा घुश्शातच.
"कुणाची पाळी होती?"
"नजमाभाभींची."
"हं."
चहा ओतला, बशी तोंडाशी नेली,
दारातनं बाहेर बघितलं
त्या नव्या, धुतल्या डोळ्यानं,
आणि म्हणाले, वारा तिकडचा नाही आज.

मी सदरा काढला.