नीरम

जुना चोक गेला शिमग्याच्या आदल्या सोमवारी.
एकदम नाही. आधी वास आला, करपलेल्या वार्निशाचा,
मग चार फुटांच्या टाकीवरचा दिवा
दोनदा जांभळा होऊन विझला.
खाली समुद्रफुलं तीन,
सुकतीला कातळावरून उचलून आणलेली,
आणि एक शेवाळ, ज्याचं नाव
दुसऱ्या वर्षाला अजून पाठ नाही.

हिशेबनीस पेडणेकरांनी माझा अर्ज वाचला:
"बॅलास्ट, नग एक. बाई,
बॅलास्ट म्हणजे खडी ना, रुळाखालची?
माझा मेहुणा वैभववाडीला तेच मोजतो.
प्राणिशास्त्राला खडी कशाला?"
दिव्याचं आहे, म्हटलं.
"तीन कोटेशनं लागतील."
देवगडात मिळाली दोन.
तिसऱ्या दुकानाच्या शटरवर
म्हाळशाची जाहिरात, ती पण गेल्या वर्षीची.

एक कोल्हापूरहून आलेलं, इलेक्ट्रॉनिक,
नऊशे ग्रॅम, आवाज नाही, वीज कमी खातं,
डब्यावर सोनेरी अक्षरं.
दुसरं सुलेमान सोलकरच्या दुकानातलं,
तांब्याची तार, लोखंडी पट्ट्या, पाच किलो,
कपॅसिटर वेगळा, इग्नायटर वेगळा,
पावतीच्या पाठीवर पेन्सिलीने काढलेली जोडणी.

सुलेमानने मीटर लावला.
"सकाळी दोनशे चाळीस.
संध्याकाळी बर्फाचे कारखाने सुरू झाले की एकशे ऐंशी.
हे सोनेरी वाईट नाही बाई,
पण आपल्या हवेत मीठ आहे.
तीन पावसाळे धरा,
आतल्या पाटीवर हिरवं चढतं."

आणि दिवा सरळच जोडला तर? चोकच नको?
तो हसला नाही.
"ह्या दिव्याला पोट भरलेलं कळत नाही.
पेटला की मागतच जातो,
जितकी वीज प्यायला तितका तहानलेला,
काच फुटेपर्यंत.
चोक काय करतो? नाही म्हणतो.
सेकंदाला शंभर वेळा."

जानू कोयंडे टाकीचं पाणी काढत होते,
नळी दातांत धरून. ती सोडून म्हणाले,
"बॅलास्ट म्हंजे नीरम.
माल उतरल्यार गलबत रिकामा,
रिकामा गलबत वाऱ्याक भियाता.
मगे आमचो बापूस तळात धोंडे भरी.
खयचे? मिळतीत थयचे.
मंगळूरचो एक आमच्या पायरीक आसा अजून,
त्येच्यावरच पाय धुतंव."
मग एका हातात सोनेरी, एका हातात काळं,
बाजारात सुरमई तोलावी तसं तोललं.
"ह्या हलक्यान काय धरूचा?"

वजनाने वीज अडत नाही.
मुलं ऐकत होती, म्हणून मी तसं सांगितलंही.
"होय काय," म्हणाले,
आणि काळं उचलून व्हरांड्याकडे चालू लागले.

काळंच घेतलं, पण मिठापायी.
समितीच्या टिपणात मी 'स्वस्त' असं लिहिलं.

आता ते खोक्यात, खिडकीबाहेर, भिंतीला.
शिकवताना ऐकू येतं,
मागच्या बाकावर कोणी ओठ मिटून
पाढे म्हणत असल्यासारखं.

गुरुवारी अकरा चाळीसला वीज गेली,
मिनिटभरात आली. पंखे फिरले, दिवा नाही.
तापलेला असताना तो उठत नाही,
त्याला निवू द्यावं लागतं.
बाहेर इग्नायटर टिकटिकत राहिला.
हजेरी अर्धी राहिली, मुलं टाकीभोवती,
आणि त्या बारा मिनिटांत
मधल्या समुद्रफुलाने बोटं आत घेतली,
एकेक करून, घाई नाही.
मग जांभळा. हिरवट. मग तिकडे
पाण्याच्या तळाशी पांढरं ऊन.

सोनेरी डबा परत पाठवायचाय.
टपालखर्च कोणत्या शीर्षाखाली,
पेडणेकर विचारतायत.