हात लावू नये

तिकीटखिडकीवर आत्यानं विचारलं,
पंचाहत्तरीपुढे सवलत आहे का.
नव्हती.
मग पूर्ण पैशांत पूर्ण बघायचं, म्हणाली,
आणि छत्रीची काठी करून शिरली
त्या एवढ्या थोरल्या पत्र्याच्या मांडवात,
ज्यात आपला अख्खा दौलतगंज मावला असता
आणि वर गजकवाल्यांच्या हातगाड्यांना जागा उरली असती.

छताला टांगलेलं पहिलंवहिलं, दुहेरी पंखांचं,
नुसतं कापड आणि कामट्या.
"हा तर पतंग," म्हणत ती पुढे गेली.
मी मागेच, उभ्या चिरलेल्या इंजिनाच्या
पाकळ्या मोजत.

तिसऱ्या हँगरमध्ये मात्र थांबली.
राखाडी, अणकुचीदार नाकाचं,
भोवती दोर, दोरावर पाटी : हात लावू नये.
"हाच तो,"
पोलीस चौकीत चोर ओळखावा तसं म्हणाली.

लष्करात, वरच्या खोलीत, सकाळी साडेसातला
ती मुलींना गाणं शिकवायची.
षड्ज लागत यायचा
आणि नेमकं तेव्हाच महाराजपुऱ्याकडून हे निघायचं.
तावदानं थरथरायची,
तानपुरा न छेडताच बोलू लागायचा,
भोपळ्यात कुणी शिरून बसल्यासारखा.
मुली कानात बोटं घालायच्या.
हात खाली, आत्या म्हणायची.
सा सोडायचा नाही.
तो जाईल. तुम्हाला इथंच राहायचंय.

एकदा तर नुसता धडाका झाला
आणि फळीवरची लिंबाच्या लोणच्याची बरणी
वरपासून खालपर्यंत तडकली.
आई महिनाभर हळहळत होती.

पाटीवर वेग आहे, उंची आहे,
पंखांची लांबी, इंजिनाचा जोर.
मी दोनदा वाचली.
बरणी नाही.

पुढचं दालन अंधारं, निळ्या दिव्यांचं.
माणूस नसलेला अंतराळपोशाख उभा,
शेजारी परतलेली कुपी,
बूड करपलेल्या पातेल्यासारखं.
गाइड भदौरियांचा पोरगा, आदबीनं म्हणाला,
"अम्मा, ऊपर हवा ही नहीं, तो आवाज़ काहे की।"
आत्या त्या रिकाम्या काचेच्या तोंडाकडे
बराच वेळ बघत राहिली.
"मग हे लोक रियाज कधी करतात?"
पोरगा हसला.
ती नाही.

निघताना म्हणाली, पुन्हा तिकडं चल.
तिसरा हँगर. पहारेकरी मोबाइलमध्ये.
दोरावरून ती जराशी वाकली.
हात लावला नाही.
हवा ओढायच्या त्या काळ्या घशाशी तोंड नेलं
आणि सा लावला.
घशानं तो आत घेतला, आतच कुठंसा फिरवला,
आणि परत दिला.

"थोडा उतरलाय," आत्या म्हणाली.
कुणाचा, ते मी विचारलं नाही.
छत्री उघडून ती उन्हात गेलीसुद्धा,
बाड्यापर्यंतचा भाव
ऑटोवाल्याशी वीस रुपयांनी खाली आणायला.