झिरप

देपालपूर रस्त्याला डावीकडे सेमल्या, उजवीकडे जामली,
मधे एक नाला, जानेवारीत गुडघाभर.
तीन वर्षांपूर्वी चिठ्ठ्या टाकल्या होत्या
इंदूरला, एसी हॉलमध्ये, पोहे-जलेबी झाल्यावर.
सेमल्याला कार्यक्रम मिळाला.
जामलीला आम्ही.
म्हणजे फक्त प्रश्न. वर्षातून एकदा.

तिकडच्या मुलींना शनिवारचं मंडळ, सहा सायकली,
बँकेची स्लिप भरायला शिकवणारी ताई.
इकडच्यांना माझ्या हातातला टॅबलेट
आणि वेळ दिल्याबद्दल साबणाची एक वडी.
तुलनेला लागतं असं एक गाव
ज्याच्यासाठी काहीच केलेलं नाही.
हे मला रामबागेतल्या घरी
आईला समजावता आलं नाही.
ती म्हणाली, "एका पानावर वाढायचं
आणि शेजारच्याला विचारायचं, भूक किती लागलीय?"
मी म्हटलं, शास्त्र आहे ते.
"असेल," म्हणाली, आणि शेंगा सोलत राहिली.

घर क्रमांक चाळीस, जामली.
नाव धापू. चौथी मुलगी.
धापू म्हणजे धालो, पोट भरलं, पुरे आता.
प्रश्न सतरा: लग्न ठरलंय का?
साटं आहे, म्हणाली.
भावाला बायको त्या घरातून आली,
त्या घराला एक मुलगी द्यायची राहिलीय.
खाली पर्याय: हो, नाही, माहीत नाही.
उधारी असा पर्याय नव्हता.
प्रश्न अठरा: तुला विचारलं का?
"म्हने कुण पूछे?"
असं म्हणून हसली,
जसं मीच काहीतरी खुळ्यासारखं बोलले.

प्रश्न तेवीस: सायकल चालवता येते?
येते.
मी पुन्हा विचारलं. जामलीत यायला नको होती.
"सेमल्यात शिकले. नाल्यातून जाते, चपला हातात घेऊन."
एकटी?
तिनं एका हाताची बोटं मोजली,
मग दुसऱ्या हाताची चार.
तिथली ताई हजेरी घेत नाही त्यांची,
पण हाकलतही नाही.
हेल्पलाइनचा नंबर पाठ करून घेतलाय तिनं,
धापूनं म्हणून दाखवला:
दस, नौ, आठ.
उलटी मोजणी सुरू झाल्यासारखी
मध्येच थांबली.

रात्री ऑफिसातून फोन.
"त्या नऊ जणी वगळा. कंट्रोल गढूळ होतंय.
त्यांच्यामुळे दोन गावांतला फरक कमी दिसतो."
फरक कमी दिसतो
कारण या काठावरही थोडं बरं झालं,
हे मी बोलले की नुसतं मनात आणलं, आठवत नाही.
रेंज जात येत होती.
अहवालात याला एक ओळ मिळेल, तळटीपेत:
मर्यादा, झिरप.
काळ्या मातीत पाणी असंच जातं,
बांध कुणाचा ते न विचारता,
हे जामलीतलं शेंबडं पोरही सांगेल.

अहवाल एकतीस मार्चच्या आत.
आखातीज त्यानंतर तीन आठवड्यांनी.
आधी निष्कर्ष, मग लग्नं.

पण त्या दुपारी, निघताना,
साबणाची वडी ओढणीच्या टोकाला बांधत
ती म्हणाली, दीदी, माझं वय काय टाकलं?
आई सोळा सांगते, मोठ्या पुरात झाली म्हणून.
शाळेच्या दाखल्यावर पंधरा.
आम्हाला शिकवलंय, खरं वय खोदून काढा,
सण विचारा, पूर विचारा, भावंडं विचारा.
"पंधराच राहू द्या," म्हणाली,
"एक वरस जादा मिळेल."
तिच्या हिशोबात अठरा आणखी लांब होतं
आणि लांब असलेलं बरं होतं.

मी पंधरा टाकलं.
टॅबलेटनं विचारलं,
ही माहिती खरी आहे ना?
धापू माझ्या खांद्यावरून वाचत होती,
अक्षर लावून लावून,
सेमल्यात शिकलेलं वाचन.
हो वर बोट
तिनंच ठेवलं.